भोकाविना उभी राहिलेली भिंत

मित्रांनो, मी एक जुनी ड्रिल मशीन आहे, आणि माझ्या अंगात मत्सर भरलेला आहे. हे मी सुरुवातीलाच सांगून टाकते, कारण पुढे ते तुम्हाला कळणारच आहे. माझे वजन पावणेचार किलो. रंग मूळचा हिरवा, आता कुठला ते पाहणाऱ्याने ठरवावे. वायरीला दोन ठिकाणी काळी चिकटपट्टी गुंडाळलेली आहे. आवाज मात्र अजून खणखणीत आहे. मी सुरू झाले की शेजारपाजारची माणसे बोलायची थांबतात आणि कुत्री पलंगाखाली जातात.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. एका बाईने माझ्या पोटात तांब्याच्या तारेची गुंडाळी बसवली, दुसरीने दातेरी चाके बसवली आणि शेवटी एका चष्मेवाल्या माणसाने मला काँक्रीटच्या ठोकळ्यावर टेकवून बटण दाबले. मी त्या ठोकळ्यात अशी शिरले की तो माणूस शेजारच्याला म्हणाला, "ही बरीच वर्षं चालेल." माझ्या आयुष्यातली ती पहिली शाबासकी. तिची मला चटक लागली. तेव्हापासून दुसऱ्या कुणाला शाबासकी मिळाली की माझ्या पोटात दुखते. त्या दिवशी माझ्यानंतर आणखी चाळीस मशीन तपासल्या गेल्या, आणि त्यांतल्या अकरांना त्या माणसाने "छान" म्हटले. मी मोजले होते.

मला विकत घेतले ते दादाने. दादा म्हणजे भिंती उभ्या करणारा मिस्त्री. विटांच्या जाड भिंती नव्हेत, घराच्या आतल्या पातळ भिंती. एखाद्या मोठ्या खोलीच्या दोन खोल्या करायच्या असल्या की लोक दादाला बोलावतात. तो जमिनीवर पत्र्याची एक लांब पट्टी बसवतो, छताला तशीच दुसरी. दोन्ही पट्ट्यांच्या मधे पत्र्याचे उभे पाय, आणि मग दोन्ही बाजूंनी जिप्समच्या पांढऱ्या पाट्या. रंग दिला की ही भिंत इथे कालपर्यंत नव्हती असे कुणी म्हणणार नाही.

आता ती पट्टी जमिनीला घट्ट बसते कशाने? तर माझ्यामुळे. मी भोक पाडायचे, भोकात प्लॅस्टिकची गट्टी जायची, गट्टीत स्क्रू. पट्टी जागची हलायची नाही. दादा गिऱ्हाइकांना सांगायचा, "भिंत मी उभी करतो, पण ती उभी राहते हिच्या भोकांवर." हे ऐकताना माझी मोटार बंद असूनही आतून गरम व्हायची. वहिनी, म्हणजे दादाची बायको, कधी कधी कुरकुरायची, "त्या मशीनला जेवढं जपता तेवढं माणसांना जपलंत तर बरं होईल." तेव्हा मला जो आनंद व्हायचा तो मी कुणाला दाखवला नाही.

सव्वीस वर्षे अशी गेली. दवाखान्यांच्या खोल्या, शाळेची वाचनालये, चपलांच्या दुकानांची गोदामे, किती भिंती उभ्या केल्या त्याला गणती नाही. त्या काळातही मी काही संत नव्हते. दादा सपाटी तपासायच्या लेव्हलच्या काचेतल्या बुडबुड्याकडे एक डोळा मिटून टक लावून बघायचा, तेव्हा मला वाटायचे, त्या थेंबभर बुडबुड्यात असे काय ठेवले आहे? पण तो मत्सर पोटातल्या पोटात राहायचा. लेव्हल ती लेव्हल, माझी जागा घ्यायला ती थोडीच येणार होती!

माझी जागा घ्यायला जी आली ती बारक्याबरोबर आली.

बारक्या हा दादाचा धाकटा भाऊ. नाव लहानपणी पडले आणि चिकटले. आज तो दादापेक्षा वीतभर उंच आहे, केस पिकू लागले आहेत, तरी बारक्याच. त्याला काम शिकवले दादाने, तेही माझ्यावर. माझ्या मुठीवर बारक्याचे हात, त्यावर दादाचे हात, आणि दादा म्हणायचा, "रेटू नकोस तिला. ती स्वतःहून जाते, तू फक्त बरोबर राहा." दोघे भाऊ वर्षानुवर्षे एकत्र काम करत होते. मग एकदा बारक्या परगावी दोन महिने नवे काम शिकायला गेला आणि परत येताना एक लांबट वस्तू घेऊन आला. पुढे नळीचे निमुळते तोंड, मागे एक दांडा, खाली घोडा. घोडा दाबला की तोंडातून राखाडी रंगाचा चिकट लगदा बाहेर येतो. तिला ते गन म्हणतात.

मित्रांनो, गन! नाव केवढे आणि ऐवज केवढा! तिला मोटार नाही, वायर नाही, एकही दातेरी चाक नाही. काम करताना आवाज म्हणाल तर "पुच्च". ती माझ्या खोक्यात धाकटी जाऊ आल्यासारखी आली आणि माझ्याच कप्प्यात आडवी झाली. मी मनात म्हटले, राहू दे, खिडकीच्या फटी बुजवायला बरी आहे. फटी बुजवणारीने फटीच बुजवाव्यात.

पण दिवस बदलत होते. नव्या घरांत नव्या तऱ्हा येत होत्या, आणि त्या तऱ्हा बारक्याला कळत होत्या. लोकांचे फोन दादाला यायचे ते बारक्याला येऊ लागले. फोन वाजला की दादा आपल्या खिशाकडे बघायचा, आणि बारक्या बोलत बोलत बाहेर गेला की मला उचलून उगीचच माझी वायर गुंडाळत बसायचा. त्याच्या मनात काय चालले आहे ते मला चांगले समजत होते. आम्ही दोघे एकाच माळेचे मणी होतो.

आणि मग ते घर आले.

घरमालकीण चष्म्याच्या दुकानात काम करायची. दोघे भाऊ तिला ताई म्हणत. ताईची आई जिन्यावरून पडली होती, मांडीचे हाड मोडले होते, शस्त्रक्रिया झाली होती. शनिवारी तिला दवाखान्यातून घरी सोडणार होते. जिना चढायचा नाही, अशी डॉक्टरांची सक्त ताकीद होती. झोपायच्या खोल्या सगळ्या वरच्या मजल्यावर. खाली एकच लांबलचक बैठकीची खोली. तिच्यात मधे भिंत घालून आईसाठी खोली करायची, रुंद दार ठेवायचे, आणि हे सगळे शनिवारच्या आत. आईला ठेवायला दुसरी जागा नव्हती.

सोमवारी सकाळी आम्ही तिथे पोचलो. दादाने नेहमीप्रमाणे मला खोक्यातून आधी बाहेर काढले. बारक्याने मात्र गुडघ्यावर बसून लादीवर तळहात ठेवला आणि म्हणाला, "दादा, ही लादी कोमट आहे."

लादीच्या खाली, काँक्रीटच्या थरात, बोटाएवढ्या जाडीचे प्लॅस्टिकचे पाइप नागमोडी पसरलेले होते. त्यांतून गरम पाणी फिरायचे आणि सगळी खोली पायांकडून उबदार व्हायची. जिन्याखालच्या कपाटात त्या पाइपांचे कॉक होते.

"खाली भोक पाडायचं नाही," बारक्या म्हणाला. "पाइप कुठून कसा गेलाय त्याचा नकाशा ताईंकडे नाही."

"मग भिंत काय हवेत उभी करायची?" दादाने विचारले.

"वर छताला भोकं पाडायचीच आहेत की. खालची पट्टी चिकटवायची."

"डिंकावर भिंत?"

"हा डिंक नाही, दादा."

"चिकटतो ना? मग डिंकच."

ताई दोघांकडे आळीपाळीने बघत होती. ती म्हणाली, "पण धरेल ना? दाराची चौकट तरी? माझी आई तिला धरूनच आत-बाहेर करणार आहे." आणि हे विचारताना तिने तोंड वळवले ते बारक्याकडे. सव्वीस वर्षे भिंती उभ्या करणारा माणूस तिच्या डाव्या हाताला उभा होता. दादाने ते पाहिले. मीही पाहिले. बारक्या म्हणाला, "धरेल, ताई," आणि मला वाटले, त्याच्या तोंडात माझी वायर कोंबावी.

मंगळवारी काम सुरू झाले. दादा शिडीवर, मी त्याच्या हातात, तोंड छताकडे. भोके पाडली की भुकटी खाली येते. जमिनीत भोक पाडताना भुकटी गुपचूप भोकाशेजारी बसते. छतात पाडताना ती मिस्त्रीच्या डोळ्यांत जाते. खाली बारक्या लादी झाडत होता, पुसत होता, पुन्हा पुसत होता. मग त्याने खडूच्या रेघेवर त्या गनचे तोंड टेकवले. पुच्च, पुच्च, करत दोन राखाडी वळवळणाऱ्या रेघा सरळ टोकापर्यंत गेल्या. त्यावर पट्टी ठेवली, तळव्याने दाबली, वर पाट्यांचे ओझे ठेवले. एक कण उडाला नाही. एक कुत्रे पलंगाखाली गेले नाही. एकाच भिंतीच्या दोन टोकांना आम्ही दोघी होतो, आणि मी छताचे काम करणारी झाले होते.

तेव्हा बारक्याने खालून सांगितले, "दादा, हीटिंग मी बंद केलंय. हे नीट धरेपर्यंत लादी गार ठेवायची. शुक्रवारी चालू करू. पाइपात पाणी आहे, पण फिरत नाहीये."

दादा "हं" म्हणाला. त्याचे लक्ष नव्हते. खरे म्हणजे बारक्या काही सांगू लागला की लक्ष द्यायचे नाही, हे त्याने काही दिवसांपासून ठरवूनच टाकले होते.

बुधवारी सकाळी ताई कामावर जाण्याआधी त्या पट्टीशी वाकली. तिने ती हाताने ढकलून पाहिली, मग पायाने. "हलत नाही की!" ती म्हणाली. "कमाल आहे हो तुमच्या या गनची." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. छताची पट्टी हलत होती का? तिला कुणी ढकलून पाहिले का? कुणी शिडीवर चढून "कमाल आहे" म्हणाले का?

बारक्या दार आणि उरलेल्या पाट्या आणायला गाडी घेऊन गेला. घरात दादा आणि मी राहिलो. दादा दाराच्या जागेशी उभा राहिला. चौकटीच्या दोन खांबांचे पाय जिथे येणार तिथे बारक्याने खुणा केल्या होत्या. तिथेही तो राखाडी लगदाच लागणार होता. दादा बराच वेळ त्या खुणांकडे पाहत होता. मग मला म्हणाला, "म्हातारी बाई, आधीच हाड मोडलेली. सगळा भार चौकटीवर टाकणार. डिंकाच्या भरवशावर सोडायचं तिला? चार स्क्रू तरी हवेतच." त्यात काळजी किती आणि मत्सर किती, हे त्याचे त्यालाही सांगता आले नसते. मला सांगता येत होते, कारण माझ्यात काळजी अजिबात नव्हती.

दादा काही आंधळेपणाने भोक पाडणारा नव्हता. त्याला एका जुन्या नळदुरुस्तीवाल्याने शिकवलेली एक युक्ती ठाऊक होती. गरम पाइपाच्या लादीवर ओली वर्तमानपत्रे पसरायची आणि थांबायचे. पाइपावरचा कागद आधी सुकतो, मधला ओला राहतो. सुकलेले पट्टे म्हणजे पाइप. ओल्या पट्ट्यांत बिनधास्त भोक पाडावे. दादाने बादलीत वर्तमानपत्रे भिजवली, दाराच्या जागेभोवती अंथरली, मला शेजारी लादीवर ठेवले आणि तो आपला डबा उघडून बसला.

आता लक्ष द्या, मित्रांनो. मी लादीवर आडवी होते. माझ्या पोटाखालची लादी गार होती. सोमवारी ती कोमट होती, आज दगडासारखी गार. बारक्या काल काय म्हणाला तेही मी ऐकले होते. हीटिंग बंद होते, मग पाइपावरचा कागद सुकणार कसा?

तरीही कागद सुकत होता. समोरच्या खिडकीला रुंद उभ्या पट्ट्यांची जाळी होती. सकाळचे ऊन तिच्यातून आत येत होते आणि कागदांवर उन्हाचे पट्टे पडले होते, एक उजेडाचा, एक सावलीचा. उजेडाचे पट्टे सुकले, सावलीचे ओले राहिले. पाइप जसे सारख्या अंतरावर टाकलेले असतात तसेच ते पट्टेही सारख्या अंतरावर होते. दादाने डबा बंद केला, येऊन पाहिले आणि त्याचा चेहरा खुलला. त्याने पेन्सिलीने ओल्या पट्ट्यांत चार टिंबे काढली.

मला वाचा नाही. पण असती, तरी त्या वेळी मी गप्प बसले असते. मला जमिनीत जायचे होते. त्या पुच्च करणारीच्या डोळ्यांदेखत जायचे होते. पाइपाचे काय होईल, खोलीचे काय होईल, दवाखान्यात दिवस मोजणाऱ्या त्या बाईचे काय होईल, यांतले काहीही माझ्या मनात आले नाही.

पहिले भोक सुरेख गेले. दुसरेही. लादी फुटली नाही, काँक्रीटची पांढरी भुकटी वर आली, आणि दादा पुटपुटला, "आहे का हिला तोड?" तिसरे भोक झाले तेव्हा मी आनंदाने ओरडत होते. चौथ्या भोकात दोन बोटे खोल गेल्यावर माझ्या टोकाला काहीतरी मऊ लागले. काँक्रीट मऊ नसते. मला क्षणात कळले, आणि दादालाही कळले, कारण त्याने बटण सोडले. पण तोवर उशीर झाला होता. माझ्या बिटच्या, म्हणजे भोक पाडणाऱ्या सळईच्या, भोवतीची भुकटी आधी काळी पडली, मग तिचा चिखल झाला, मग पाणी वर येऊ लागले.

बिट अडली की बाहेर ओढायची, ही मिस्त्रीच्या हाताची सवय. दादाने मला दोन्ही हातांनी पकडले आणि तो ओढणार एवढ्यात दारातून बारक्याचा आवाज आला, "दादा, काढू नकोस! तशीच धर! दाबून धर!" त्याने खांद्यावरची पाटी तिथेच भिंतीला टेकवली आणि तो जिन्याखालच्या कपाटाकडे धावला.

दादा गुडघ्यावर बसून सगळ्या अंगाचा भार माझ्यावर टाकून राहिला. मी बाटलीच्या बुचासारखी त्या भोकात रुतून होते. मला काढले असते तर कारंजेच उडाले असते. मी आत होते म्हणून पाणी नुसते झिरपत होते. आयुष्यभर मी फिरण्यासाठी शाबासकी घेतली, आणि त्या वेळी माझे सगळे काम न फिरण्याचे होते. पाणी त्याच्या गुडघ्याखाली आले.

"गार आहे," तो स्वतःशीच म्हणाला. "पाणी गार कसं?"

त्याने मान वर करून वर्तमानपत्रांकडे पाहिले, मग खिडकीकडे, मग पुन्हा वर्तमानपत्रांकडे. ऊन सरकले होते आणि सुकण्याचे पट्टेही त्याच्या मागे मागे सरकले होते. दादाने डोळे मिटून घेतले.

बारक्याने कॉक बंद केले, पाणी थांबले. तो परत आला आणि दादाशेजारी ओल्या कागदांवरच बसला.

"काल सांगितलं होतंस तू," दादा म्हणाला. "हीटिंग बंद केलंय म्हणून."

"हो."

"मी ऐकलं नाही."

"मशीन चालू होती ना," बारक्या म्हणाला. "तिच्या आवाजात कुणाला काय ऐकू येणार?"

म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी! मी संतापले असते, पण हा संन्यासीही काही फार सोवळा नव्हता. आणि दादाने मान हलवली.

"तिला मधे आणू नकोस. ऐकू सगळं येत होतं. मीच घेत नव्हतो कानांत." तो माझ्याकडे बघत बोलत होता, बारक्याकडे नाही. "लोक तुला फोन करतात. तुला विचारतात. त्या ताईंनीही तुलाच विचारलं. मला बघवत नाही रे ते. मोठा भाऊ आहे, बरं दिसत नाही बोलायला. पण नाही बघवत."

बारक्याने एक ओला कागद उचलून पिळला आणि तो म्हणाला, "मग तू घेत जा ना फोन. मला तरी कुठं धड बोलता येतं लोकांशी? प्रत्येक वेळी घाम फुटतो."

दादाला हसू आले नाही, पण त्याचे ताठलेले खांदे खाली आले.

ताई दुपारी आली. चूक कुणाची, हे बारक्या गुळमुळीत काहीतरी सांगून सारवणार होता. दादाने त्याला हाताने मागे केले आणि तो स्वतः पुढे झाला. "ताई, पाइप मी फोडला. हा नको म्हणाला होता. मी ऐकलं नाही."

ताई उलट्या ठेवलेल्या बादलीवर बसली. ती ओरडली असती तर बरे झाले असते. ती म्हणाली, "शनिवारी आई येणार. तिला तिकडे आणखी ठेवून घेत नाहीत, मी विचारून पाहिलं. चूक कुणाची ते राहू द्या. खोली होईल की नाही, तेवढं सांगा."

दादाने बारक्याकडे पाहिले. त्या घरात पहिल्यांदाच त्याने काहीतरी विचारण्यासाठी त्याच्याकडे पाहिले.

"दादानं हात लावला तर होईल," बारक्या म्हणाला. "लादी उचकटायची आणि पाइपाभोवतीचं काँक्रीट खरवडून काढायचं. पाइपाला ओरखडाही गेला नाही पाहिजे. माझा हात जड आहे, ताई. तेवढा हलका हात याचाच आहे."

मग दादाने माझ्या तोंडातली बिट काढून बारीक छिन्नी बसवली आणि माझा वेग अगदी खाली आणला. दोन तास आम्ही ते काँक्रीट काढत होतो, तांदूळ निवडावेत तसे. दादाचा श्वास मला ऐकू येत होता. शेवटी पाइप वीतभर उघडा पडला. माझे एक भोक सोडले तर त्यावर दुसरी खूण नव्हती. मित्रांनो, माझ्या सगळ्या आयुष्यात त्याहून नाजूक काम मी केले नाही, आणि ते करावे लागले ते माझ्याच करणीमुळे.

गुरुवारी नळदुरुस्तीवाल्याने पाइप जोडला. कॉक उघडून तिघांनी अर्धा तास पाण्याचा दाब दाखवणाऱ्या काट्याकडे टक लावून पाहिले. काटा हलला नाही. झटपट सुकणाऱ्या सिमेंटने खड्डा भरला, लादी बसवली. लादीखालच्या पाइपांच्या चार वाटा होत्या; जोडलेली ती एक वाट आठवडाभर बंद ठेवायची, बाकी तीन वाटांनी खोली गरम होईल, असे ठरले. दार दोन लाद्या डावीकडे सरकवले. आणि चौकटीच्या खांबांचे पाय? ते चिकटवले. दादाने स्वतः लादी पुसली, दोनदा. घोडा बारक्याने दाबला. त्याआधी त्या गनने माझी तिन्ही कोरडी भोके भरून टाकली, आणि ती कुठे होती हे आता मलाही सांगता येणार नाही. मी कोपऱ्यात बसून बघत होते. मनात म्हणत होते, दाखवच आता. एकदा तरी सरक. अगदी जरासे, पण सगळ्यांसमोर.

शुक्रवारी पाट्या लागल्या, दार लागले, लादी हळूहळू कोमट झाली. शनिवारी दुपारी दोघे भाऊ हत्यारे आवरत असताना आई आली. लहानखुरी बाई, धरून चालायचा चार पायांचा आधार पुढे सरकवत आली, आणि आल्या आल्या म्हणाली, "ही भिंत कुठून आली?"

"तुझ्यासाठी केली, आई," ताई म्हणाली.

"कशावर उभी आहे?"

"डिंकावर," दादाच्या तोंडून निघून गेले. मग तो चटकन म्हणाला, "म्हणजे चांगला आहे हो डिंक."

आईने नाक मुरडले आणि ती दाराकडे निघाली. नव्या दाराशी कागदाचा एक तुकडा लादीवर पडलेला होता. आधाराच्या पुढच्या पायाखाली तो आला आणि आधार एकदम घसरला. ताई किंचाळली. दादा पुढे झेपावला, पण तो चार पावले लांब होता. आईने आधार सोडला आणि दोन्ही हातांनी चौकटीचा खांब धरला. तिचा सगळा भार त्या खांबावर आला, आणि खांबाचा पाय माझ्या खोक्यासमोरच होता.

मी तीन दिवस ज्याची वाट पाहिली ती वेळ हीच होती. खांब एवढासा सरकला असता, तर सगळ्यांना कळले असते की भोकाशिवाय भिंत नाही आणि माझ्याशिवाय भोक नाही. आणि मित्रांनो, मी त्या गनला उद्देशून मनातल्या मनात ओरडले, "धर गं! धर गं बाई, सोडू नकोस तिला!"

तिने धरले. खांब केसभरही हलला नाही. वर छताला माझे स्क्रू होते आणि खाली ती होती, आणि मधे एक म्हातारी बाई लोंबकळत होती. दादाने येऊन तिला काखेत धरले, ताईने आधार आणला. आई सरळ उभी राहिली, तिने श्वास घेतला, खांबावर दोन टिचक्या मारल्या आणि म्हणाली, "बरी आहे भिंत." मग ती आत जाऊन पलंगावर बसली. तिने चपला काढल्या, तळवे लादीवर टेकवले आणि ते तिथेच ठेवून दिले.

दादा परत आला. त्याने ती गन उचलली, तिच्या तोंडावरचा सुकलेला लगदा नखाने काढला, फडक्याने तिला पुसले आणि ती खोक्यात ठेवली. माझ्या आधी. मला वाईट वाटले का? वाटले. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, आणि माझा तर सुंभही अजून पुरता जळलेला नाही. पण त्या खांबाला लोंबकळणारे ते दोन हात आठवले की मी त्या पुच्च करणारीला जागा देते आणि थोडी पलीकडे सरकते.

तुमच्याही घरात कुणीतरी असेल, ज्याला दुसऱ्याचे कौतुक सहन होत नाही. कदाचित ते तुम्हीच असाल. त्याला मत्सर वाईट असतो असे सांगत बसू नका, ते त्याला तुमच्या आधीपासून ठाऊक असते. त्याला जे चांगले येते ते काम द्या, आणि ते करत असताना क्षणभर शेजारी उभे राहून पाहा. आणि अनोळखी घरात भोक पाडण्याआधी लादीवर एकदा तळहात टेकवा. काम झाले की माझी बिट कोरडी पुसून तिला तेलाचे बोट लावा, कारण पाण्यात जाऊन आल्यापासून तिला गंज लवकर धरतो.